शाल-श्रीफळ नको, महिन्यातले दोन तास द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मार्चमधला तिसरा मंगळवार जागतिक समाजकार्य दिन म्हणून पाळतात. त्या आठवड्यात पुण्यात सत्कारांचा हंगाम असतो. आमच्यातल्या चार-दोघांना स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देतात, 'निरपेक्ष सेवा' आणि 'समाजऋण' हे शब्द किमान दोन वक्त्यांच्या भाषणात येतात, मग वेफर्स आणि चहा. यंदा माझाही नंबर लागला होता. नारळाची चटणी झाली, शाल कपाटातल्या आधीच्या शालींवर जाऊन बसली. सत्काराबद्दल तक्रार नाही. आयोजकांनी प्रेमानेच केला. पण निरपेक्ष वगैरे आम्ही नाही. आम्ही एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून पगारावर काम करणारी माणसं आहोत. हे काम नीट करता यावं म्हणून आम्हाला काय लागतं, याबद्दल त्या स्टेजवरून कधीच कुणी बोलत नाही. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावायला आपण समर्थ आहात.

मी पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका आहे. आपल्या वाचकांपैकी काहींनी मला 'बिल कमी करून देणाऱ्या मॅडम' म्हणून पाहिलं असेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढतात. या निधीत कोण बसतं ते तहसीलदाराचा दाखला आणि रेशनकार्ड बघून ठरवायचं, सरकारच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केस बसते का ते रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्राला विचारायचं, कुठेच नाही जमलं तर ट्रस्टांना पत्रं लिहायची. कामाचा हा भाग मोजता येतो आणि दर महिन्याला मोजलाही जातो.

न मोजता येणारा भाग असा. वेल्ह्याकडचं एक कुटुंब होतं. ओळख पटू नये इतके तपशील बदलून लिहिते आहे. घरातला कर्ता पुरुष आयसीयूत, व्हेंटिलेटरवर. डॉक्टर म्हणत होते, फार आशा नाही. पण 'संपलं' असंही म्हणत नव्हते. योजनेतून मिळायचे ते पैसे संपलेले. सासरे म्हणत होते सही करून घरी नेऊ. आमच्याकडे त्याला 'डामा' म्हणतात, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. बायको पदर तोंडाशी धरून माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा, नेऊ का घरी?"

हे मी वरिष्ठांच्या कानावर घातलं. त्यांनी दोन प्रश्न विचारले: बाकी किती आहे आणि सही कोण करणार. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. खाट कधी मोकळी होणार, निधीचा हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे वेळेत जाणार का, याचा जाब त्यांनाही कुणाला तरी द्यायचा असतो. पण माझी रजा मंजूर करणारा आणि माझी वार्षिक कामगिरी लिहिणारा माणूस समोर असताना 'त्या बाईशी काय बोलावं मला सुचत नाही' हे मी कोणत्या तोंडाने बोलू? बोललेच, तर पगारवाढीच्या वेळी ते वाक्य त्यांना आठवणारच नाही याची खात्री कोण देणार?

समाजकार्यात वरिष्ठाने हाताखालच्या माणसाला दर आठवड्याला वेळ द्यायचा, ही पद्धत जुनी आहे. आम्ही तिला सुपरव्हिजनच म्हणतो. आल्फ्रेड काडुशिन या अमेरिकन अभ्यासकाने १९७० च्या दशकात तिची तीन कामं सांगितली, आणि आम्ही ती परीक्षेला घोकून लिहिली: कामावर देखरेख, शिकवणं आणि आधार देणं. परीक्षा संपली की पहिलं शिल्लक राहतं. संस्थांमध्ये आता सुपरव्हिजन म्हणजे सोमवारची मीटिंग. किती होम व्हिजिट झाल्या, किती फॉलोअप, एमआयएस म्हणजे आकड्यांचा तक्ता भरला का, फोटो अपलोड केले का, डोनरची व्हिजिट गुरुवारी आहे. शिकवायला वेळ नसतो. आधार तर ज्याची भीती वाटते त्याच्याकडून घेताच येत नाही. तिन्ही कामं एकाच खुर्चीवर ठेवली, गडबड तिथेच झाली.

गंमत म्हणजे शिकत असताना आमच्याकडे याला उत्तर होतं. पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था १९६३ पासून हे शिक्षण देते, मुंबईत टाटा संस्थेची सुरुवात १९३६ ची. कुठेही एमएसडब्ल्यू केलेल्याला 'आयसी' (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) आणि 'जीसी' (ग्रुप कॉन्फरन्स) ही अक्षरं माहीत असतात. फील्डवर्क करायचं, त्याचं रेकॉर्डिंग लिहायचं, मग आयसीत शिक्षकांसमोर एकट्याने बसायचं आणि जीसीत सगळ्या गटाबरोबर. जीसीत कोण काय घेऊन येईल याचा नेम नसायचा. कुणी रडायचं, कुणी भांडायचं. एकाच वस्तीत दोघं जाऊन दोन वेगवेगळ्या वस्त्या बघून आलेले असायचे. नोकरी लागली की हे सगळं बंद. जणू पदवीच्या कागदाबरोबर माणसाला असं काही खुपणंही बंद होतं.

आमच्यापैकी काहींनी ती जीसी काही वर्षांपूर्वी पुन्हा सुरू केली. महिन्यातून एका शनिवारी दुपारी सदाशिव पेठेत एका बंद पडलेल्या शिकवणीच्या खोलीत आम्ही जमतो. आठच्या वर माणसं घेत नाही. मनोरुग्णालयात काम करणारी एक, व्यसनमुक्ती केंद्रातला एक, महिलांसाठीच्या समुपदेशन केंद्रातली एक, पुणे स्टेशनवर घर सोडून आलेल्या मुलांमध्ये काम करणारा एक, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जाणारी एक, शाळेतल्या दोघी आणि मी. मार्गदर्शक म्हणून बाई आहेत. आयुष्यभर फील्डवर्क शिकवून निवृत्त झाल्या, आमच्यापैकी कुणाच्याही संस्थेत कुठल्याही पदावर नाहीत. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बाईंना माझी रजा अडवता येत नाही आणि मला बाईंना खूश करून काही मिळत नाही. आणखी एक पथ्य: एकाच संस्थेतले साहेब आणि त्यांच्या हाताखालचा माणूस, दोघांना एका गटात घ्यायचं नाही.

बसण्याची रीत साधी आहे. एक जण केस सांगतो, फाईल न उघडता, कारण फाईल उघडली की तारखाच बाहेर पडतात. मग बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. 'मी तुझ्या जागी असते तर' हे वाक्य बंद. त्यानंतर सांगणाऱ्याने खुर्ची मागे घेऊन गप्प बसायचं, आणि बाकीचे त्याच्यासमोरच, पण तो तिथे नाही असं धरून, त्या केसबद्दल आपसात बोलतात. पहिल्यांदा फार विचित्र वाटतं. आपल्याबद्दल चाललेलं बोलणं ऐकून तोंड न उघडणं पुणेकराला जड जाणारच.

ही रीत आमच्या डोक्यातून निघालेली नाही. मूळचे हंगेरीचे मनोविश्लेषक मायकेल बालिंट यांनी १९५० च्या दशकात लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांचे असे गट चालवले. जगभरचे डॉक्टर आजही त्यांना बालिंट गट म्हणतात. पण त्यांच्या पत्नी एनिड यांनी त्याआधीच विवाहातल्या अडचणींवर काम करणाऱ्या समाजसेवकांबरोबर अशा चर्चा सुरू केल्या होत्या. म्हणजे वस्तू आमच्याच घरातली. डॉक्टरांकडे गेली आणि नावारूपाला आली. आमच्या रुग्णालयातही असंच होतं, सोडा. फिनलंडमध्ये २०१० नंतर नव्या-जुन्या शिक्षकांना एकत्र बसवून असेच मार्गदर्शन गट देशभर चालवले गेले. तिथे जुन्याने नव्याला शिकवायचं असं नसतं, दोघांनीही आपापलं आणायचं असतं.

वेल्ह्याच्या त्या बाईची केस मी गटात मांडली, तेव्हा ते कुटुंब रुग्णालयातून गेलेलं होतं. आयसीयूतली वेळ शनिवारपर्यंत थांबत नाही. तरी मांडली, कारण तशी बाई पुन्हा येणार हे ठाऊक होतं. घरोघरी जाऊन रुग्ण बघणारीने पहिलाच प्रश्न विचारला: डॉक्टर या घरातल्या सगळ्यांशी एकत्र बोलले होते, की सासऱ्यांशी वेगळं आणि सुनेशी वेगळं? व्यसनमुक्तीवाल्याने विचारलं, घरी म्हणजे नेमकं कुठे? गाडी दारापर्यंत जाते का? ऑक्सिजन लावला आणि लाईट गेली तर? मग मी खुर्ची मागे घेतली. समुपदेशन केंद्रातली म्हणाली, "ती बाई उत्तर मागत नसेल. उद्या गावात 'हिनेच नवऱ्याला मशीनवरून काढून आणलं' असं कुणी म्हणायला नको, म्हणून तिला बाहेरचं एक माणूस साक्षीला हवं असेल." मनोरुग्णालयातली म्हणाली, तिला स्वतःला न्यायचं होतं का नव्हतं हे अजून आपल्याला कळलेलंच नाही. त्यावर दोघींचं चांगलंच वाजलं. मी गप्प.

तेव्हापासून अशी वेळ आली की मी आधी एक करते. सासू-सासरे, दीर, बायको आणि डॉक्टर, सगळ्यांना एका खोलीत बसवते. डॉक्टरांना सगळ्यांसमोर तेच बोलायला लावते आणि ते केसपेपरवर लिहूनही घेते. अशा एका बैठकीनंतर त्या घराने काय ठरवलं ते इथे लिहीत नाही, तो त्यांचा निर्णय. पण तो एकट्या सुनेच्या माथी आला नाही. रुग्णोपयोगी साहित्य देणाऱ्या आपल्या पेठांमधल्या संस्थांची यादीही मला गटातूनच मिळाली. घरी न्यायचंच असेल तर वरखाली होणारी खाट आणि ऑक्सिजनचं यंत्र अल्प भाड्याने मिळतं, हे आमच्या वॉर्डात कुणाला सांगायचं सुचत नव्हतं.

स्टेशनवर काम करणारा आमच्यात सगळ्यात लहान. लातूरकडचा, दत्तवाडीत कॉट बेसिसवर राहतो. बालकल्याण समितीच्या आदेशाने त्याने एका मुलाला गावी आईबापांकडे पोचवलं होतं. सामाजिक तपासणी अहवाल झाला, 'कुटुंबात पुनर्स्थापित' या रकान्यात एकाची भर पडली. पुढच्याच महिन्यात तो मुलगा पुन्हा प्लॅटफॉर्मवर. ऑफिसात चर्चा कशाची झाली? मागच्या महिन्यात मोजलेलं मूल या महिन्यात नवीन म्हणून मोजायचं की नाही याची. गटात सांगताना तो म्हणाला, "मला बघून पळाला असता तर बरं झालं असतं. हसला. म्हणाला, दादा, आलो." बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग शाळेतल्या एकीने विचारलं, तो बोलताना घरातल्या कुणाचं नाव सारखं घेतो का? घेत होता, आत्याचं. आत्याशी कुणी बोललेलं नव्हतं, कारण फॉर्ममध्ये आईवडिलांचा रकाना असतो. पुढे आमचा हा लातूरवाला त्या आत्यापर्यंत पोचला. सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही, पण समितीसमोर मांडायला त्याच्याकडे आणखी एक घर होतं.

हे वाचून कुणाला वाटेल की जमायचं, बोलायचं आणि हलकं होऊन घरी जायचं. तसं केलं तर चार महिन्यांत त्याचा कट्टा होतो. झाला होताही, मध्यंतरी आम्ही आपापल्या संस्थाचालकांची गाऱ्हाणी सांगण्यात दोन तास घालवायला लागलो. बाईंनी एके दिवशी पर्स उचलली आणि म्हणाल्या, यासाठी मी कशाला हवी? तेव्हा रुळावर आलो.

दुसरं पथ्य गुप्ततेचं, आणि ते नुसतं सभ्यतेचं नाही. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. मानसिक आरोग्य कायदा २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. त्यामुळे नाव, गाव, शाळा, आजाराचे खास तपशील, सगळं बदलूनच बोलायचं; नोंदवही नाही, व्हॉट्सअॅपवर केस नाही. याच्या उलट बाजूही आहे. बोलता बोलता एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं समोर आलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवावंच लागतं. 'इथलं इथेच' म्हणून गटाला ते पोटात ठेवता येत नाही. हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवावं.

आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला अवघड वाटते आहे. पुण्यात या क्षेत्रातले ज्येष्ठ बहुतेक पेठांमधले आणि कोथरूडचे, आणि आता प्रत्यक्ष वस्तीत जाणारी पोरं बीड, लातूर, नंदुरबारची. गटातल्या जुन्या आम्ही तिघी भराभरा बोलायचो आणि लातूरचा मुलगा मान डोलवायचा. बाईंनी नियम केला: सगळ्यात नव्याने आधी बोलायचं, सगळ्यात जुन्याने शेवटी. माझी पाळी येईपर्यंत मला सांगायचं असतं ते निम्मं कुणीतरी बोलून गेलेलं असतं, आणि बहुतेक वेळा माझ्यापेक्षा नीट. एकदा तो म्हणाला, होम व्हिजिटला गेलो की पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारतात. त्यानंतर काही घरांत पाणी येत नाही. आमच्या आडनावांच्या आम्हा तिघींना हा प्रश्न कुणी कधी विचारलेला नाही. हे कुठल्याही सोमवारच्या मीटिंगमध्ये निघालं नसतं. नुसतं गोल करून बसलो म्हणून आमच्या गटातही निघालं नसतं. बोलायचा क्रम बदलावा लागला.

तरी साहेब हवेतच. रात्री अकरा वाजता मुलगी आश्रय मागत दारात उभी राहिली तर निर्णय घ्यायला आणि त्याची जबाबदारी उचलायला संस्थेतलाच वरिष्ठ लागतो, गटाला फोन करून चालत नाही. हिशेब, हजेरी, कायदेशीर कागद, तेही त्यांच्याकडेच राहू दे. नव्याने लागलेल्या मुलामुलींना पहिले काही महिने एकेकट्याने शिकवणारं माणूसही लागतं. माझं म्हणणं एवढंच, की देखरेख करणाऱ्याने देखरेख करावी, आणि शिकणं-सावरणं यांची सोय त्याच्या केबिनबाहेर करावी. लहान संस्थांना तर हे फार परवडेल. जिथे अनुभवी माणूस मुळातच एक आहे आणि तोच निधी गोळा करत फिरतो, तिथे दर आठवड्याला प्रत्येकाला तासभर कोण देणार? गटात एका मार्गदर्शकाच्या दोन तासांत आठ जणांचं काम होतं.

मग अडतं कुठे? वेळेपाशी. आम्ही सगळे सुट्टी टाकून किंवा अर्धा दिवस मागून येतो. समुपदेशन केंद्रातली दोन वेळा आली नाही, कारण कार्यालयात विचारलं गेलं, 'या दोन तासांत लाभार्थी किती?' वकिलांना बार कौन्सिल आहे, परिचारिकांना नर्सिंग कौन्सिल आहे. २०२१ च्या कायद्याने आरोग्य क्षेत्रातल्या समाजसेवकांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत घेतलं, पण वस्तीत, बालगृहात, समुपदेशन केंद्रात काम करणाऱ्यांचं काय? त्यांच्या वतीने 'हे दोन तास कामाचेच धरा' असं म्हणणारं कुणी नाही.

महिला व बाल विकास आयुक्तालय आपल्या पुण्यातच आहे. बाल संरक्षण कक्षातल्या कर्मचाऱ्यांना, संरक्षण अधिकाऱ्यांना प्रशिक्षणासाठी बोलावतात, त्यात दिवसभर स्लाइड दाखवतात. त्यातलं एक प्रशिक्षण कमी करून महिन्यातले दोन तास अशा गटांसाठी कामाचे म्हणून धरावेत, आणि त्या दोन तासांचा अहवाल मात्र मागू नये. रुग्णालयांच्या विश्वस्तांना आणि संस्थाचालकांनाही माझी हीच विनंती. कंपन्यांच्या सीएसआर विभागांनी प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मार्गदर्शकाच्या मानधनाची एक ओळ मान्य करावी. आम्ही सध्या ते वर्गणी काढून देतो आणि बाई त्यातले निम्मे चहा-भजीवर खर्च करतात. समाजकार्य महाविद्यालयांचे वर्ग शनिवारी दुपारी रिकामे असतात, त्यातले एक-दोन माजी विद्यार्थ्यांच्या गटांना द्यावेत. निवृत्त प्राध्यापकांनीही मनावर घ्यावं. फील्डवर्कची रेकॉर्डिंग तपासून ज्यांचे डोळे गेले त्यांना आमच्यात काय चाललंय हे दहा मिनिटांत कळतं.

आमच्या गटाच्या नियमांचा एक पानी कागद आहे. कुणाला असा गट सुरू करायचा असेल तर आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी पाठवून देईन. आमच्या गटात मात्र सध्या जागा नाही.

आपली,
एक वैद्यकीय समाजसेविका
धायरी, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, प्रसिद्ध करू नये ही विनंती.)